टरबुजांच्या रांगेतली जागा

कुरवाडे, ता. शिरपूर, जि. धुळे
२२ जानेवारी २०२५

चि. कामिनी हिस अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जगदीशनं थेट नदीतल्या वाडीत आणून दिलं. मी टरबुजाच्या वेलांना वाऱ्याचा आडोसा लावत होते, तिथंच वाळूत फतकल मारून वाचलं. बारा फेब्रुवारीला मुंबईचे डॉक्टर जळगावला येणार नि तुझ्या गुडघ्याची तुटलेली दोरी एक पैसाही न घेता नवी करून देणार, या ओळीवरून बोट पुढे सरकेचना. दोरीच म्हणते मी. तू लिहिलेलं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही, घसरून पडतं.

म्हणजे जूनपर्यंत तू पळायला लागशील आणि शाळेतली नोकरीही पक्की होईल. मुलींना फुटबॉल शिकवणारी बाई स्वतः मैदानावर पळणारी पाहिजे, ही त्यांची अट मला तरी बरोबर वाटते. आंधळ्यानं वाट दाखवू नये. पण तू काय कमी आहेस? आधी धुळ्याच्या पोरींकडून, मग महाराष्ट्राकडून, मग केरळातल्या क्लबात, शेवटी देशाच्या निळ्या शर्टात गोलाच्या तोंडाशी उभी राहिलीस. तुझी पहिली मोठी मॅच आम्ही जगदीशच्या मोबाईलवर पाहिली होती. बाकीच्या पोरी घामानं निथळत होत्या नि तू एकटी लांब उभी. मला वाटलं, आपली पोर लाजाळू, हिला कोणी खेळायला घेतच नाहीत. जगदीशला म्हटलंसुद्धा, तिच्याकडे एखादा चेंडू टाका म्हणावं. मग एकीनं टाकला, तू आडवी झेपावलीस, आणि माझ्या हातातली चहाची कपबशी सोनलच्या अंगावर गेली. ती अजून मला ते ऐकवते. जगदीशनं मला सून आणली ती जिभेची तिखट, पण मनानं गोड.

फोन करू नको. कानाला लावला की ताक घुसळल्यासारखी घरघर येते. मागच्या वेळी तू विचारलंस, अक्का जेवलीस का, आणि मी म्हणाले, उद्या. कान गेले ते गेले, डोळे आहेत. लिहायला तर तूच शिकवलंस. पहिलीत तू पाटीवर गिरवायचीस आणि मी परातीतल्या पिठात बोटानं तेच अक्षर काढायची. तुझी आई गेली, माझा नवरा गेला, तुझा बाप नि मी, अशा दोन उरलेल्या माणसांची देवानं एक चूल केली. त्या चुलीवर बठ्ठं, सगळं शिजलं, अक्षरं बी.

जगदीश केळी घेऊन जळगावला येतोय, त्याच्याबरोबर बिब्बे पाठवते. सुईला टोचून दिव्यावर धर, तेल सुटलं की गुडघ्याभोवती ठिपके दे. सूज उतरेल. डॉक्टर बघतील तेव्हा गुडघा कसा, सारवलेल्या ओट्यासारखा दिसला पाहिजे. आपल्या घराला बिब्बा मानवतो. तुझ्या बापाची कंबर, माझा खांदा, सगळं त्यानंच चालू ठेवलं.

लोभ तुझ्याकडे मागायची मला गरज नाही, तो माझ्याच घरचा आहे. पत्राला मात्र उशीर नको.

तुझी आत्या,
दगडी अक्का


जळगाव
१५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास कामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी बरी आहे. डॉक्टरांचं येणं पुढे गेलं. मोठ्या डॉक्टरांना अडचणी असतात. पुढची तारीख कळली की लिहीन, काळजी करू नको.

बिब्बे मिळाले. आता आणखी काही पाठवू नको. जगदीशलाही सांग, मार्केटला आला तर खालूनच जा, माझे जिने कशाला चढतोस. मी बहुतेक वेळ बाहेरच असते.

इथं ऊन तापायला लागलं आहे. खोलीसमोर डाळ मिल आहे, तिची टरफलं वाऱ्यानं आत येतात. झाडायचं तर वाकावं लागतं, म्हणून राहू देते. ग्लोव्हज धुऊन माळ्यावर टाकले.

सोनलला नमस्कार. तुझी माया अशीच असू दे, एवढंच.

कामिनी


कुरवाडे
२४ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. लिहीत नाही, कारण विशेष जे आहे ते तू लपवलंस.

तुझं पत्र आलं तेव्हाच माझ्या मनात खडा लागला. तुझं अक्षर कसं, शाळेच्या रांगेतल्या पोरींसारखं ताठ. या पत्रात ते भिंतीला धरून चालल्यासारखं होतं. आणि जी पोर लहानपणी अंगण झाडल्याशिवाय चेंडू हातात घ्यायची नाही, ती म्हणते टरफलं राहू देते. मी जगदीशला सांगितलं, जिने चढून जा. ती नाही म्हणाली तर दोनदा चढ.

परवा तो आला आणि ताटावरून उठला. मी विचारलं, कामिनी कशी शे? तो हात धुवायला निघाला. मग मी त्याचा दंड धरून हलवला, तेव्हा त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं. शेजारपाजार ऐकत होता, ऐकू दे. बिब्बा उतला. गुडघ्याभोवती सगळं सोलून निघालंय, फोड फुटलेत, पाणी वाहतंय. डॉक्टर आले होते. त्यांनी बघितलं आणि तुला परत पाठवलं.

पोरी, मी काय करून बसले गं.

ज्या पायावर तू जग हिंडलीस तो पाय मी जाळला. शत्रूनं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसले असते. मी कुणाच्या दारात बसू? सकाळी चुलीपुढं बसते तर जाळाकडे बघवत नाही. सोनल म्हणते, अक्का, तुम्ही मुद्दाम केलं नाही. मुद्दाम करणाऱ्याला निदान अक्कल तरी असते.

तू मला शिव्या दे. खरंच दे. लहानपणी तुला गोलकीपरच का व्हायचंय असं विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, सगळ्यांच्या मागे कुणीतरी उभं पाहिजे ना. मी तुझ्या मागे उभी आहे असं समजत होते, आणि माझ्याच हातून गोल झाला.

एवढं पत्र वाचून लगेच लिही. पान भरून नको. एका पोस्टकार्डावर नुसतं लिही, मी आहे. मला पुरेल.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

अक्का


कुरवाडे
५ मार्च २०२५

चि. कामिनीस आशीर्वाद.

पोस्टमन येऊन गेला. माझ्याकडे बघून त्यानं सायकल थांबवलीच नाही. त्याला कळतं बिचाऱ्याला.

जगदीश म्हणतो, दार उघडत नाहीस, आतून ठीक आहे म्हणतेस. त्यानं दाराबाहेर ठेवलेली कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशी तशीच होती. खाण्यावर राग काढू नको. राग काढायला मी आहे ना, चांगली पासष्टीची, हाडापेरानं मजबूत.

तुला सांगू नये असं सोनल म्हणाली, पण मी लपवणार नाही. तू लपवलंस त्याचं काय झालं ते बघतोय आपण. मी माझ्याच गुडघ्याला बिब्बा लावून पाहिला. काही झालं नाही. माझी कातडी नावासारखीच. मग मनात आलं, माझ्या ठिपक्यांनी जर काही होत नाही, तर पोरीचं इतकं का उतावं? पेटी उघडली. त्यात तुझी जुनी आवळ गुडघापट्टी निघाली, तू नी-कॅप म्हणतेस ती, शिबिरातून आली होतीस तेव्हा विसरलेली. बिब्बा लावून ती वरून चढवली आणि तशीच वाडीत गेले. दुपारपर्यंत जीव जायची वेळ आली. काढली तर तिच्याबरोबर कातडी आली.

म्हणजे तू वरून पट्टी घातली होतीस. आणि मी तुला सांगितलं नव्हतं की घालू नको. कारण मला कुठं माहीत, तुझा गुडघा तिच्याशिवाय राहतच नाही. आपण दोघींनी मिळून केलं हे. मी माझ्या रीतीनं नि तू तुझ्या रीतीनं, आणि मधे तो बिचारा गुडघा.

सोनल तूप लावते नि माझ्याशी बोलत नाही. फार दुखतं गं. तू एवढं सोसलंस आणि मला लिहिलंस, मी बरी आहे.

उत्तर दे. माझी शपथ घालत नाही, ती आता हलकी झाली. तुझ्या बापाची घालते.

अक्का


जळगाव
१० मार्च २०२५

ती. अक्का, नमस्कार.

तू काय वेडी आहेस का? या वयात स्वतःला भाजून घेतलंस? उद्याच्या उद्या शिरपूरला जाऊन डॉक्टरला दाखव. तूप लावू नको त्याच्यावर. जगदीशलाही मी चिठ्ठी दिली आहे, तो तुला नेल्याशिवाय राहणार नाही.

आता सगळं सांगते, कारण स्वतःवरच्या रागानं तू आणखी काय करून घेशील याचा नेम नाही.

डॉक्टर वेळेवर आले होते. माझा नंबर लागला. त्यांनी पायावरचं कापड उचललं आणि विचारलं, हे काय आहे. त्यांना बिब्बा ठाऊक नव्हता, नर्स जळगावची होती, तिनं समजावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात धुताधुता म्हणाले, अशा सोललेल्या कातडीतून आत शिरलो तर जंतू थेट सांध्यात जातील, गुडघा सडेल. ते आता पावसाळ्यानंतर येतील. तोपर्यंत गुडघा आतून झिजत राहणार, तेव्हा काय उरलेलं असेल ते आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाले.

तू ठिपके सांगितले होतेस. मी जाड लेप दिला. आम्हाला शिबिरात हेच शिकवलं, दुखतंय म्हणजे काम होतंय. आग व्हायला लागली तेव्हा मला बरं वाटलं, अक्का. पट्टी आवळून झोपले. तुझी चूक नाही. तुझं औषध आणि माझी सवय.

शाळेत मी स्वतःच जाऊन सांगितलं की जूनपर्यंत जमणार नाही. ते चांगले वागले, चहा दिला. चाळीसगावची एक खेळाडू त्यांनी घेतली. मी शिट्टी परत केली. गळ्यातून काढताना ती दोरी केसात अडकली, तर बाहेरच्या मुलींना वाटलं मी रडते आहे. तेव्हा रडत नव्हते.

तू नेहमी विचारायचीस, पाय मोडला कसा, कुणी पाडलं. मी टाळायचे. कुणीही पाडलं नाही. शेवटच्या मॅचला एक साधा उंच चेंडू आला, शाळेतली मुलगी धरेल असा. मी उडी मारली, धरला, खाली आले आणि ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. चेंडू हातातच होता. झेल सुंदर दिसला म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. मी चेंडू पोटाशी घेऊन पडून राहिले आणि मनात म्हणत होते, या टाळ्या थांबू नयेत, थांबल्या की मला उठायला सांगतील. पुढे क्लबनं भिंतीवरचा माझा फोटो उतरवला आणि नव्या मुलीचा लावला. चांगली आहे ती. माझ्यापेक्षा उंच.

बारा-तेराव्या वर्षापासून मला एकच गोष्ट येते. ती करायला आता पाय नाही. दुसरं काही शिकलेच नाही. तू म्हणशील, घरी ये. गावानं मला ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं होतं, डफ वाजवत, तुझ्या डोक्यावर गुलाल. त्याच रस्त्यानं लंगडत कशी येऊ? लोक वाईट बोलणार नाहीत, ते मला माहीत आहे. ते हळहळतील. ते मला सहन होणार नाही.

या महिन्याअखेर खोली सोडते आहे. कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. दार लावून घेतलं की बरं वाटतं. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. हे लिहायला नको होतं. पण मागच्या पत्रात खोटं लिहिलं तर तू अक्षरावरून ओळखलंस.

भाजलेल्या जागेला माश्या बसू देऊ नको.

कामिनी


कुरवाडे
१३ मार्च २०२५

चि. कामू, माझे सगळेच्या सगळे आशीर्वाद तुला, उरलेसुरलेही.

शिरपूरला जाऊन आले. डॉक्टरनं मलम दिलं आणि मला लहान पोरीसारखं झापलं. पायाचं झालं, तो विषय संपला.

उठूच नये असं लिहिलंस ना. ते वाचलं आणि तिथूनच जगदीशला हाक मारली. हे पत्र घेऊन जगदीश येतोय. तो तुला ओढून आणणार नाही, ओढलेली तू कधी कुठं थांबली आहेस? पण तो परत जाणारही नाही. तुझ्या दाराबाहेर जिन्यात अंथरूण टाकेल. घोरतो, तेवढं सोस. दाराला आतून कडी लावू नको, एवढंच माझ्यासाठी कर. असे विचार येतात ते डॉक्टरला सांगायचे असतात, असं मला झापलं त्याच बाप्यानं सांगितलं. मी नाव न घेता विचारलं होतं. तू आलीस की आपण दोघी जाऊ. मला ऐकू येत नाही, तेव्हा तू काहीही सांग त्याला.

मी तुला बरी होशील असं लिहीत नाही. मला माहीत नाही. एकदा माझ्या माहितीवर चाललीस, तेवढं पुरे.

मी गरज सांगते. बावीस तारखेच्या शनिवारी टरबुजांची पहिली तोड आहे. यंदा बंधाऱ्याचं पाणी चढलं, वाळूचा पट्टा एवढासा उरला, पण माल देखणा आलाय. टेम्पो वर काठावर उभा राहणार, आणि खालून वर टरबुजं हातोहात जाणार, दरवर्षीसारखी. रांगेत माणूस कमी आहे.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा त्या रांगेत घुसलीस. तुझा बाप ओरडला, फुटेल. मी तुझ्या अलीकडे होते. मी फेकलं. तू ते पोटाशी धरलंस, त्याच्या वजनानं मागे ढकलली जाऊन वाळूत बसलीस, पण सोडलं नाहीस. मग त्यानंच, भाईदासदादानं, तुला माझ्यापुढची जागा दिली. तू चेंडू नंतर धरलास, कामू. आधी टरबूज धरलंस. तू गेल्यापासून त्या जागेवर किती जण उभे केले, सगळ्यांनी फोडली. सोनलनं तर स्वतःच्याच पायावर.

उभं राहायला पाय लागतो हे मला कळतं. पण दरड आहे ना, जिथं वाळू संपते नि काठ चढतो, तिथं मधे मातीची पायरी आहे. त्या पायरीवर एका माणसाला पाय पसरून बसावं लागतं. खालच्यानं वर फेकायचं, बसलेल्यानं धरायचं आणि डोक्यावरून मागे द्यायचं. ती जागा कुणाला नको असते. खालून येणारं टरबूज शेवटपर्यंत दिसत नाही आणि एकदम छातीशी येतं. वाकून बघायचं म्हटलं तर तोंडावर बसतं. मागच्या वर्षी जगदीशचा दात हलला.

ती जागा रिकामी आहे. दया म्हणून सांगत नाही. माल फुटतोय म्हणून सांगते.

उत्तर जगदीशच्या हाती दे. तुझ्या लोभाची मी भुकेली आहे, हे पहिल्यांदाच लिहिते.

अक्का


जळगाव
१७ मार्च २०२५

ती. अक्कास नमस्कार.

जगदीश खरंच घोरतो. तिसऱ्या दिवशी मी दार उघडून त्याला आत झोपायला सांगितलं. काल त्यानं खोली झाडली, टरफलं बाहेर टाकली. भाकरी मी खाल्ली, अर्धी.

शुक्रवारी टेम्पोतून येते. गावातून नको, नदीकडच्या रस्त्यानं आण म्हणावं. पावसाळ्यानंतरचं मला विचारू नको. डॉक्टरकडे जाऊ, ते मात्र जाऊ.

ग्लोव्हज माळ्यावरून काढले आहेत, आणू का ते सांग. हात कमजोर झाले आहेत, बरेच दिवस काही धरलं नाही. सुरुवातीची थोडी हळू फेकशील का?

कामिनी


कुरवाडे
१९ मार्च २०२५

चि. कामूस आशीर्वाद. जगदीश टेम्पो घेऊन निघालाय, त्याच्या खिशात हे पत्र.

टेम्पो नदीच्याच रस्त्यानं येईल. गावाला तू येणार हे सांगितलेलं नाही. शनिवारी रांगेत बघतील तेव्हा त्यांचे हात भरलेले असतील, हळहळायला मोकळा हात लागतो.

पायरीवर सोनलनं पोत्याची घडी टाकून ठेवली आहे. तुझ्या खाली मी उभी राहणार. माझाही गुडघा पट्टीत आहे, तेव्हा लंगडण्यात तू एकटी नाहीस.

हातमोजे आणू नको. पहाटेचं टरबूज दवानं ओलं असतं, मोज्यातून निसटतं. रिकाम्या हातानं ये.

आणि हळू मी फेकणार नाही.

अक्का